चष्मेवाल्याने ताईला विमानात बसवलं

चौकातल्या चष्मेवाल्याला विमानाचं वेड नेमकं कधी लागलं, ते त्याची बायको छातीठोकपणे सांगते. दुकानात एक उंच, काटकुळ्या बाई आल्या. केस अगदी बारीक कापलेले, पायात जाडजूड बूट. म्हणाल्या, "मला असा चष्मा द्या, की मांडीवरचा नकाशाही दिसेल आणि लांबची धावपट्टीही." चष्मेवाल्याने तोवर शिक्षकांना, शिंप्यांना, ट्रकवाल्यांना चष्मे दिले होते, पण धावपट्टी बघणारं गिऱ्हाईक पहिलंच. बाई शहराबाहेरच्या छोट्या विमानतळावरच्या क्लबात हौशी लोकांना विमान चालवायला शिकवत. नव्या चष्म्यातून दुकानाच्या पाटीकडे बघता बघता त्या सहज बोलून गेल्या, "या एकदा. चक्कर मारून आणते."

तो गेला. चक्कर मारून आला. बायको म्हणते, त्या दिवसापासून घरी नुसतं शरीर येत होतं.

पन्नाशी उलटलेला माणूस. पोट थोडं पुढे, केस थोडे मागे. पण वेड लागलं ते लागलंच. डोळे तपासायच्या खुर्चीत बसून तो पायांनी नसलेले पेडल दाबायचा. समोरचं गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचत असे आणि हा पुटपुटत असे, "इंधन... तेल... दारं बंद..." एका म्हाताऱ्या गृहस्थाने खालची ओळ बिनचूक वाचली, तेव्हा हा म्हणाला, "उड्डाणाला परवानगी आहे." गृहस्थ घाबरून उठले. आतून बायको ओरडली, "अहो, ते गिऱ्हाईक आहे, विमान नाही!"

बाईंचं शिकवणं कडक होतं. त्यांचा एक ठरलेला क्रम होता आणि तो त्या मुलांना पाढे शिकवावेत तसा घोकून घेत. आधी विमान नीट उडवायचं. मग आपण कुठे चाललोय ते बघायचं. आणि मग, वेळ उरला तर, बोलायचं. शिवाय त्या आणखी एक सांगत, "माझे विद्यार्थी ढगात कमी आणि भिडेत जास्त अडकतात." चष्मेवाल्याने क्रम पाठ केला. भिडेचं वाक्य ऐकून तो नुसता हसला. आपण आणि भिडस्त? गिऱ्हाइकाला तोंडावर 'ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही' म्हणणारे आपण!

पण भीड माणूस बघून पडते. चष्मेवाल्याला एक मोठी बहीण होती.

ताई निवृत्त मुख्याध्यापिका. ती वर्गात शिरली की पंखेसुद्धा दबकून फिरत, असं तिचे जुने विद्यार्थी सांगतात. त्यातले काही आता आजोबा झालेत, तरी ती रस्त्यात समोरून आली की खिशातले हात बाहेर काढतात. चष्मेवाल्याला ती 'बाळ्या' म्हणायची आणि बाळ्याच्या हातात परवाना पडला हे कळताच तिने परस्पर बेत ठरवूनही टाकला.

"बाळ्या, आपण दोघं तुझ्या भाचीकडे जायचं. विमानाने."

ताईची मुलगी डोंगरापलीकडे, समुद्राजवळच्या गावात राहायची. तिने नुकतंच कपडे शिवायचं दुकान टाकलं होतं. रस्ता डोंगराला वळसा घालून जाई, त्यात अख्खा दिवस मोडे. विमानाने चहा थंड व्हायच्या आत पोचता येईल, असं ताईचं म्हणणं.

"जाऊ की," चष्मेवाला म्हणाला. मनातून तो हरखला होता. बायको तर बसायला तयार नव्हती. निदान ताई तरी.

"आणि माझं शिलाई मशीन बरोबर घ्यायचं," ताई म्हणाली. "तिला देऊन टाकते."

ते मशीन म्हणजे ओतीव लोखंडाचं धूड. ते एकदा जिन्यावरून निसटलं होतं, तर जिना दुरुस्त करावा लागला, मशीन नाही.

छोट्या विमानाचं गणित साधं असतं, पण ते चुकवून चालत नाही. माणसं, सामान आणि इंधन मिळून ठराविक वजनाच्या वर जायचं नाही आणि मागच्या बाजूला फार ओझं टाकायचं नाही. म्हणजे चष्मेवाल्याला तीन वजनं हवी होती. स्वतःचं माहीत होतं. मशीनचं रद्दीवाल्याच्या काट्यावर करून आणलं. राहिलं ताईचं.

"ताई, एक विचारायचं होतं."

"विचार की."

"म्हणजे तुझं... साधारण..."

"काय साधारण?"

"तब्येत कशी आहे?"

"उत्तम आहे."

मग त्याने बायकोला गळ घातली. "तू विचार ना. बायकाबायकांत काय ते."

"मी?" बायको म्हणाली. "मला या घरात अजून बरीच वर्षं काढायचीत."

शेवटी त्याने डोकं चालवलं. न्हाणीघरातला वजनकाटा उचलला आणि दुकानाच्या दारातल्या पायपुसण्याखाली, आकडा तेवढा बाहेर दिसेल असा, सरकवला. स्वतः काउंटरमागे लपून, लांबून आकडा दिसावा म्हणून दुर्बीण घेऊन बसला. ताई आली. पायपुसण्याचा उंचवटा बघितला, एक ढांग टाकून पलीकडे गेली आणि म्हणाली, "पायपुसणं नीट घाल. कुणीतरी पडेल." पाठोपाठ आलेला टपालवाला मात्र त्यावर व्यवस्थित उभा राहिला. टपालवाल्याचं वजन अगदी बिनचूक कळलं.

"तुला माझं वजन हवंय ना?" ताई खुर्चीत बसता बसता म्हणाली. "सरळ विचारायचं. त्यात लाजायचं काय?" आणि तिने एक आकडा सांगितला. तो बहुधा कॉलेजातला होता. खो-खोच्या संघात असतानाचा.

समोरच्याच्या दोन बुबुळांमधलं अंतर नुसतं बघून सांगणारा हा माणूस. खुर्चीची कुरकुर त्याला स्पष्ट ऐकू येत होती. पण ताईने मान वर करून त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याने तोच आकडा मुकाट्याने धरला. वर मनाच्या समाधानासाठी थोडं इंधन कमी घ्यायचं ठरवलं. डोंगर ओलांडून जाण्यापुरतं आणि वर थोडं. वाट चुकायचा प्रश्नच नव्हता. नकाशा होता ना.

निघायच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. मशीन घोंगडीत गुंडाळून सीटमागच्या सामानाच्या जागेत ढकललं, तेव्हा विमानाची शेपटी जराशी खाली बसली. क्लबचं विमान जुनं होतं. चार सीट, पंख डोक्यावर, आणि उजवीकडचं दार असं की नीट आपटून, कडी फिरवून, पुन्हा एकदा ढकलून बघावं लागे. ताईने ते स्वतःच हळूच लावलं. दुसऱ्याचं दार आपटायचं नसतं, हे तिनेच कितीतरी पिढ्यांना शिकवलं होतं.

बाई लांब दुसऱ्या विद्यार्थ्याला काहीतरी दाखवत उभ्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "वजन केलंत?"

"हो, हो!" चष्मेवाला ओरडला. टपालवाल्याचं धरलं तर ते खोटंही नव्हतं.

विमान धावायला लागलं. धावलं, आणखी धावलं. जिथे एरवी ते टुणकन उचलायचं ती जागा मागे गेली. मग जिथे उचललं नाही तर बाई ओरडायच्या ती जागाही गेली. समोरचं कुंपण मोठं होऊ लागलं. शेवटी पोटभर जेवलेलं बदक तळ्यातून उठावं तसं ते नाखुशीने उठलं आणि कुंपणावर वाळत घातलेल्या कुणाच्या तरी चादरीला जेमतेम चुकवून वर गेलं.

"छान," ताई म्हणाली. "चादरीवरचे डागसुद्धा दिसले."

वर गेल्यावर नवीनच दुखणं. मागच्या ओझ्यामुळे विमानाचं नाक सारखं आकाशाकडे जाऊ बघत होतं. चष्मेवाला दोन्ही हातांनी सुकाणू पुढे दाबून धरत होता आणि घाम पुसायला हात मोकळा नव्हता. आता ठीक होईल, असं त्याला वाटतंय तोच फाडकन आवाज झाला आणि उजवीकडचं दार बोटभर उघडलं.

नुसतं दार उघडल्याने विमान पडत नाही. वारा ते पूर्ण उघडू देत नाही. हे बाईंनी कितीदा तरी सांगितलं होतं. पण आतमध्ये असा काही घोंघावता आवाज भरला, की शिकलेलं सगळं कापरासारखं उडालं. सुकाणू एका हातात धरून तो ताईच्या अंगावरून पलीकडे वाकला आणि दाराची कडी चाचपू लागला.

"बाळ्या! समोर बघ!"

"दार, ताई, दार!"

"दार मी धरलंय! तू समोर बघ म्हणते ना!"

तो वाकला तसं विमानही वाकलं. पंख खाली, नाक वर, आणि कुठूनतरी पिपाणीसारखा एक सूर वाजायला लागला. विमानाचा वेग फार कमी झाला की ती पिपाणी वाजते. तिचा अर्थ, आता मी उडायचं सोडून दगडासारखं खाली जाईन. बाईंचा क्रम त्याला आत्ता आठवला. आधी विमान उडवायचं! त्याने कडी सोडली, सुकाणू पुढे रेटलं, पंख सरळ केले. पिपाणी थांबली.

या झटापटीत मांडीवरचा नकाशा उठला, ताईच्या तोंडावरून फडफडत गेला आणि दाराच्या फटीतून अगदी शिस्तीत बाहेर पडला.

"तो कागद महत्त्वाचा होता का रे?" ताईने विचारलं.

चष्मेवाल्याने फोनवरच्या नकाशासाठी खिसा चाचपला. फोन ताईच्या पर्समध्ये होता, आणि पर्स मागे मशीनखाली.

आता आणखी एक गोष्ट घडली होती, ती दोघांनाही ठाऊक नव्हती. सुकाणूवर रेडिओचं एक बटण असतं. ते दाबून धरलं की आपण बोलतो ते सगळ्यांना ऐकू जातं. सोडलं की दुसऱ्यांचं आपल्याला ऐकू येतं. चष्मेवाल्याने सुकाणू असं आवळून धरलं होतं, की ते बटण आत जाऊन अडकलं. त्यामुळे त्या भागात हवेत असलेली सगळी विमानं, आणि क्लबच्या खोलीत कपाटावर ठेवलेला रेडिओ, त्या क्षणापासून बहीणभाऊ काय बोलतात ते ऐकू लागले.

"आपण नक्की कुठे चाललोय?" ताईने विचारलं.

"सरळ."

"सरळ कुठे?"

"ताई, हवेत रस्ते नसतात."

"म्हणूनच विचारते. तो डोंगर मघाशी डावीकडे होता. आता उजवीकडे आहे. डोंगर फिरला का?"

"थोडा वारा आहे."

"वाऱ्याने डोंगर फिरतो? भूगोलात तुला मीच पास केलं होतं, बाळ्या. चूक झाली माझी. अरे, विचार ना कुणाला तरी! तो रेडिओ कशाला ठेवलाय, बातम्या ऐकायला?"

आता रेडिओवर 'मी वाट चुकलोय' असं म्हणायचं म्हणजे चार लोकांत अब्रू जायची. सगळे ऐकतात. क्लबात वर्षभर हसतील. चष्मेवाला म्हणाला, "विचारण्यासारखं काही नाही. मला सगळं ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे? खाली निळ्या छपराचा कारखाना आहे, हे ठाऊक आहे? शेजारी मोजा उलटा टाकावा तशा आकाराचं तळं आहे. त्याला लागून रेल्वेचा पूल. यातलं कुठलं गाव ते सांग."

चष्मेवाला मान लांब करून तळ्याकडे बघत राहिला. मात्र क्लबच्या खोलीत बाईंनी हातातला पेला खाली ठेवला आणि भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर बोट टेकवलं. मोज्यासारखं तळं त्या भागात एकच होतं.

एवढ्यात चष्मेवाल्याची नजर इंधनाच्या काट्यावर गेली. कमी घेतलेलं इंधन, जड झालेलं विमान आणि डोंगराभोवतीच्या नको त्या फेऱ्या, सगळ्याची बेरीज त्या काट्यावर दिसत होती. अजून थोडं होतं, पण समुद्र गाठण्याइतकं नक्कीच नव्हतं.

"ताई," तो म्हणाला. आवाज एकदम लहानपणीचा निघाला. "आपल्याला उतरावं लागेल."

ताईने दार धरलेला हात न सोडता दुसऱ्या हाताने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "मग उतरव. घाई करू नको. मी बोलत नाही."

आणि खरंच ती बोलली नाही. एवढा वेळ ती गप्प बसल्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी. चष्मेवाल्यालाही त्या शांततेत सगळं धडाधड आठवायला लागलं. इंजिन चालू आहे तोवरच जागा निवडायची. एकदा वरून फेरी मारून बघायचं. तारा नाहीत ना, खड्डे नाहीत ना. तळ्याच्या पलीकडे एक हिरवी, नीट कापलेली, लांबट पट्टी दिसली. जणू धावपट्टीच, पण बारकी. तिच्या एका टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवीसुद्धा होती. फक्त ती मोज्याएवढी दिसत होती.

उतरताना कळलं, ती खरोखर मोज्याएवढीच होती.

पट्टीच्या कडेला टोप्या घातलेली वयस्कर मंडळी हातात खोके धरून उभी होती आणि वर बघत होती. मग सगळी एकदम खाली बसली. विमान टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं, मशीनने मागून धडाधड टाळ्या वाजवल्या, आणि शेवटी झुडपांच्या कुंपणात नाक खुपसून ते थांबलं. ना कुणाला खरचटलं, ना काही मोडलं. एक टेबल तेवढं आडवं झालं होतं आणि त्यावरची बिस्किटं पंखाखाली विखुरली होती.

एक गृहस्थ तरातरा चालत आले. गळ्यात शिट्टी, छातीवर बिल्ला. "मी इथला सचिव," ते म्हणाले. "हे छोट्या विमानांचं मैदान आहे."

"हे छोटंच आहे," चष्मेवाला कसाबसा म्हणाला.

सचिवांनी काखेतलं विमान वर करून दाखवलं. ते हातभर लांब होतं, रिमोटवर उडणारं. "छोटं," ते म्हणाले. "तुम्ही सभासद आहात का?"

तेवढ्यात त्यांच्यातलंच एक खेळण्यातलं विमान, ज्याचा मालक रिमोट टाकून झुडपात लपला होता, घूं घूं करत डोक्यावरून गेलं आणि तळ्यात पडलं. सचिवांनी शिट्टी वाजवली. कुणासाठी ते कळलं नाही.

बाई गाडी घेऊन तासाभरात पोचल्या. आल्या आल्या विमानाभोवती एक फेरी मारली, टाकीत डोकावल्या, मागचं मशीन हलवून बघितलं. ते हललं नाही. मग त्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं.

"वजन केलं होतं म्हणालात."

चष्मेवाल्याने मान खाली घातली. सचिवांना मात्र राहवलं नाही. "आमच्याकडे दर विमानाचं वजन होतं," ते म्हणाले. "उडवायच्या आधी. चिमूटभर जास्त भरलं तरी परत पाठवतो." टेबलामागे त्यांचा काटा होताच. मोठा काटाही होता, बॅटऱ्यांच्या पेट्या मोजायला.

ताईने काट्याकडे पाहिलं. टोपीवाल्या मंडळींकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि सरळ जाऊन त्यावर उभी राहिली.

"मोठ्याने वाचा," ती सचिवांना म्हणाली.

त्यांनी वाचलं. चष्मेवाल्याने धरलेला आकडा आणि हा, यांच्यातल्या फरकात एक मोठं कुत्रं आणि त्याचं पिल्लू सहज मावलं असतं.

"मला खडसावून विचारायचं होतंस, बाळ्या," ताई खाली उतरत म्हणाली. "मी रागावले असते. रागावून काय होतं? चादरीवरून तरी हातभर उंच गेलो असतो."

बटण अडकलं होतं, हे बाईंनी तेव्हाच सांगितलं. चष्मेवाला बिस्किटांशेजारी गवतावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. जी अब्रू वाचवायला तो रेडिओवर तोंड उघडत नव्हता, तिचं संपूर्ण प्रक्षेपण झालं होतं.

विमान बाईंनी दुसऱ्या दिवशी एकटीने, थोडंसं इंधन भरून, अलगद उडवून नेलं. बहीणभाऊ बसने भाचीकडे गेले. मशीन बसच्या टपावर. बसचा चालक चढाला लागला की मागे वळून विचारायचा, "वर नक्की काय चढवलंय?"

पुढे विमान खात्याच्या कार्यालयातून बोलावणं आलं. चष्मेवाला बायकोला घेऊन गेला, कारण एकट्याने जायची हिंमत होईना. साहेबांनी गंभीर चेहऱ्याने सगळं ऐकून घेतलं. परवाना काही महिने जमा करायला सांगितला आणि बाईंच्या हाताखाली पुन्हा शिकून यायचं फर्मावलं. मग खुर्चीत जरा पुढे सरकून म्हणाले, "त्या ताई कोण? त्यांचं ध्वनिमुद्रण आमच्याकडे आहे. नव्या शिकाऊ लोकांना ऐकवतो आम्ही. डोंगर फिरला का, इथे सगळा वर्ग आडवा होतो."

ताईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "नुसतं ऐकवून काय होतं? समजावून सांगायला माणूस लागतो." आणि ती गेली. आता दर नव्या तुकडीला ती एक तास घेते. फळ्यावर आधी स्वतःचं खरं वजन मोठ्या अक्षरांत लिहिते आणि विचारते, "यात लाजण्यासारखं काय आहे? हात वर करा." कुणी हात वर करत नाही. मग ती दार, नकाशा, इंधन आणि रेडिओ अशी चौघांची हजेरी घेते. चष्मेवाला पहिल्या बाकावर असतो. उदाहरणासाठी त्याला उभं करतात.

परवाना परत मिळाल्यावर तो पुन्हा उडायला लागला. बायकोने अडवलं नाही. घरात बसून पेडल मारण्यापेक्षा ते बरं, असं तिचं मत. फक्त आता तो सगळ्यांत जास्त वेळा परत फिरणारा वैमानिक म्हणून क्लबात ओळखला जातो. इंजिनाचा सूर जरा वेगळा वाटला, परत. वारा आडवा झाला, परत. रेडिओवर तर तो दर थोड्या वेळाने विचारतो, "मी कुठे आहे?" पलीकडची मुलगी कंटाळून सांगते, "अजून धावपट्टीवरच आहात."

गेल्या रविवारी सकाळी त्याने विमान बाहेर काढलं, पुसलं, सगळं दोनदा तपासलं आणि मग पश्चिमेला एक ढग दिसला. हाताच्या पंजाएवढा. चष्मेवाला त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. मग विमान परत आत ढकललं. थोड्याच वेळात ढग विरून गेला आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं. बाकीचे एकामागोमाग एक उडाले, जाताना वरून त्याला हात करून गेले. त्याने क्लबच्या पायरीवर बसून एक ऑम्लेट खाल्लं, दुसरं मागवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्या विमानांना परत हात केला. बाई शेजारी येऊन बसल्या. त्याच्या बशीतला पाव तेवढा उचलला.